लिंगाप्पाची पुरचुंडी

तलावातलं पाणी बाहेर सोडायची मोरी तुंबली की लिंगाप्पाला बोलावणं यायचं. पाण्याखाली जाणारे बाकीचे हैदराबादला बांधकामावर गेले, तेव्हापासून मुडबीकडच्या त्या तलावात उतरणारा तो एकटाच. उतरताना कमरेच्या दोराला भाकरीची पुरचुंडी बांधलेली असे. मोरीच्या जाळीपाशी पोचला की तो कुटके सोडायचा. चिलापी मासे गोळा होऊन हातातून खायचे. खालच्या गार अंधारात तेवढीच सोबत.

काठावर दोर धरणाऱ्या रेवणसिद्धप्पांना हे पटत नसे.

"जावयागत चारायलास त्यायला. उद्या मानपान मागतील."

"मागू द्या की अप्पा. वळखीचे हायेत."

दोघांचं ठरलेलं होतं. एक हिसका म्हणजे ढील, दोन म्हणजे ओढ.

त्या दिवशी जाळीत बाभळीची फांदी आडवी बसली होती. लिंगाप्पानं गजाला पाय लावून जोर केला. फांदी निघाली, पण गज वाकला. मोकळ्या झालेल्या वाटेनं पाण्यानं ओढ घेतली आणि त्याचं पाऊल आत जाऊन घोट्यात अडकलं. खाली वाकून टाच फिरवली असती तर पाय निघाला असता. पण कमरेचा दोर आखूड पडत होता, वाकता येईना. मासे आले होते. तळचा गाळ उठला, हात दिसेना. पुरचुंडीला तोंडं लागली, तसे दोराला हिसक्यावर हिसके बसू लागले.

वर रेवणसिद्धप्पांनी ओढायला सुरुवात केली.

दोर ताणला. घोटा गजात आणखीच रुतला. छाती फुटायला आली. लिंगाप्पानं दोर सोडवायचा विचार केला, पण गाठ ओली, घट्ट. मग त्यानं पुरचुंडीच ओरबाडून काढली आणि लांब ढकलली. मासे तिच्यामागं गेले. दोर थरथरायचा थांबला. त्यानं एकच हिसका दिला.

ढील मिळाली. तो वाकला, टाच फिरवली, कातडं गजाला ठेवून पाय सुटला.

काठावर बराच वेळ तो नुसता दम खात पडून राहिला. रेवणसिद्धप्पांनी त्याच्या कमरेची गाठ सोडवली.

"पाय गुतला व्हता तर वढ कामून म्हणलास?"

"मी न्हाई म्हणलो, अप्पा. माशायनी म्हणलं."

घोटा बरा झाल्यावर मोरीचं दार खाली सोडून पाणी बंद केलं, आता त्याला तो गज सरळ करायला उतरायचं होतं. निघताना बायकोनं, तानुबाईनं, सवयीनं पुरचुंडी दिली. तिच्यातली भाकरी त्यानं काठावर बसून स्वतः खाल्ली, मातीनं हात चोळून धुतले, मग दोर बांधला.

मासे आलेच. कमरेशी ढुसण्या देत राहिले. लिंगाप्पानं त्यांच्याकडं न बघता गज सरळ केला.