बेडरूममधली सहा कार्डं

विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकच एसी होता, आणि त्या उन्हाळ्यात तो माझ्या सात महिन्यांच्या गरोदर बायकोसाठी चालत नव्हता. तो सहा ग्राफिक्स कार्डांसाठी चालत होता.

कार्डं बेडरूममध्ये होती. ॲल्युमिनियमच्या उघड्या चौकटीवर मी ती ओळीने बसवली होती. दिवसरात्र गणितं सोडवून ती क्रिप्टोचं नाणं कमवायची आणि तेवढीच तापायची. मला आयटीतला पगार चांगला होता, हे सगळं वरचं होतं. ऑफिसातले दोघंतिघं करत होते म्हणून मीही सुरू केलं. आधी समोर टेबलफॅन लावला. मग खिडकीची काच काढून तिथे प्लायवूड ठोकलं आणि त्यात एक्झॉस्ट बसवला. कार्डं उघडून आतली, उष्णता बाहेर नेणारी पेस्ट सुकली होती ती खरवडून नवी लावली. एप्रिलमध्ये तेही पुरेना, तेव्हा एक्झॉस्ट बंद करून एसी चालू केला, दार लावून घेतलं आणि आम्ही दोघं शेजारच्या छोट्या खोलीत झोपायला गेलो. एसी बेडरूमलाच होता, दुसरीकडे हलवणं सोपं नव्हतं, असं मी बायकोला सांगितलं. कार्डं दुसरीकडे हलवता आली असती, हे तिने बोलून दाखवलं नाही.

कुठलं कार्ड किती तापलंय ते मला मोबाइलवर दिसायचं. तिसरं नेहमी जास्त तापायचं, त्याची मला काळजी असायची. बायकोचे पाय सुजायला लागले होते ते मात्र मला तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं.

तिचं माहेर यवतमाळचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. पण सासऱ्यांनीच फोन करून सांगितलं की इकडे ऊन फार आहे, पोरगी तिकडेच राहू द्या, पुण्याची हवा थंड आहे, आम्हीच येतो. सासूबाई नंतर येणार होत्या, सासरे आधी. फोन ठेवायच्या आधी बायको त्यांना एवढंच म्हणाली, "बाबा, यंदा इथेही उकडतं."

सासरे आले त्या दिवशी सकाळी मी त्यांना आणायला येरवड्याला गेलो. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून त्यांची बॅग निघाली आणि मागोमाग गोणपाटात बांधलेला एक मोठा चौकोनी डाग निघाला.

"हे काय आणलंत?" मी विचारलं.

"कूलर हाय. लहानाच हाय. पोरगी म्हने उकडते. इकडं तुमच्याकडं चांगला भेटत नसन म्हून घेऊन आलो."

रिक्षात तो कूलर आमच्या दोघांच्या मध्ये बसला. सासरे वाटभर त्याला एका हाताने धरून होते. यवतमाळात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. माणूस मुळातच कमी बोलणारा, पण त्या दिवशी खुशीत होते. रस्त्यावरची झाडं बघून म्हणाले, "पुन्यात बरं हाय बाप्पा." मी हसलो आणि मोबाइल काढून तिसऱ्या कार्डाचा आकडा पाहिला.

घरात शिरल्यावर त्यांनी टोपी काढून मान पुसली. बायकोने पाणी दिलं. बॅग ठेवायला ते सरळ बेडरूमकडे गेले, लेकीची खोली तीच असणार असं समजून. मी "अहो, तिकडे नको" म्हणेपर्यंत त्यांनी दार उघडलं होतं. आतली गार हवा त्यांच्या अंगावर आली. ते उंबऱ्यातच थांबले. पलंग नाही, कपाट नाही, नुसती चौकट, वायरी आणि पंख्यांची घरघर.

"हे काय हाय?"

मी सांगायला लागलो. इंटरनेटवरचं नाणं असतं, या मशीनवर ते तयार होतं, मशीन तापलं तर बिघडतं. सांगताना माझाच आवाज मला खोटा वाटत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे धंदा हाय हा तुमचा."

"तसंच काहीसं."

"मंग बरोबर हाय. आमच्या घरी बी मशीन पंख्याखाली राहे आन आमी बाहीर. जिच्यावर पोट हाय तिले पयले." आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

माझं पोट यावर नव्हतं. तेवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण ते माझ्या तोंडून निघालं नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली.

त्यांनी गोणपाट सोडलं, कूलरला गवताच्या जाळ्या बसवल्या, पाणी भरलं आणि तो छोट्या खोलीच्या खिडकीशी लावला. बायको त्याच्यासमोर आडवी झाली आणि जेवायच्या वेळेपर्यंत झोपली. इतकी गाढ झोपलेली मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

दुपारी मी तिची औषधं आणायला गेलो. दुकानात असतानाच मोबाइल वाजायला लागला. सहाही कार्डांचे आकडे चढत होते. एसी बंद पडला होता. औषधांची पिशवी तिथेच काउंटरवर विसरून मी घरी पळालो.

बेडरूमचं दार सताड उघडं होतं. सासऱ्यांनी छोट्या खोलीतला कूलर पाण्यासकट ओढत तिथे आणला होता आणि कार्डांसमोर पूर्ण वेगाने लावला होता. हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब उडत होते, कार्डांवर पडत होते.

"अहो, पाणी! बंद करा ते! कळत नाही का तुम्हाला?" मी ओरडलो आणि कूलरची पिन उपटली. मग कार्डांच्या चौकटीचं बटण बंद केलं.

ते भिंतीला लागून उभे राहिले. हात ओले होते, ते धोतराला पुसायचंही त्यांना सुचेना. "माफ करा जवाईबापू. आतला एसी बंद झाला म्हून पायलं मी. तुमच्या मशीनले तरास नको म्हून... खराब तं नाही झालं ना?"

मी रुमालाने कार्डांवरचे थेंब टिपत राहिलो. बायको गॅलरीत खुर्चीवर बसली होती, हातातल्या वर्तमानपत्राने वारा घेत. ती उठली नाही. तिथूनच म्हणाली, "बाबांनी कूलर मला आणला होता."

घरात घरघर नव्हती. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मी कूलर उचलायला वाकलो तर सासऱ्यांनी दुसरी बाजू धरली. आम्ही तो छोट्या खोलीत नेला. दुसऱ्या दिवशी एसी दुरुस्त झाला. आम्ही पलंग बेडरूममध्ये परत आणला आणि तिला तिथे झोपवलं. माझ्या ओरडण्याबद्दल त्यांची माफी मागायची असं मी रोज ठरवायचो. ते समोर आले की जेवायला काय आहे, ऊन किती आहे, असलंच काहीतरी बोलायचो.

पावसाळ्यात आम्हाला मुलगी झाली. पुढे त्या नाण्याची पद्धतच बदलली, कार्डांवर ते काढणं बंद झालं, आणि सहाही कार्डं मी मिळेल त्या भावात विकून टाकली. तोपर्यंत ती गॅलरीत ताडपत्रीखाली चालूच होती, पण बाळंतिणीची खोली सोडून गॅलरीत कोण बघायला जातं?

मुलीच्या उष्टावणाला माझ्या घरची सगळी मंडळी जमली होती, यवतमाळहून सासरे आणि बायकोचा भाऊ आले होते. माझ्या काकांनी सासऱ्यांना सहज विचारलं, जावई कसे आहेत तुमचे. ते माझ्याकडे बघून हसले. इतक्या लोकांत ते मोठ्याने बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मानूस चांगला हाय. घरात चालता धंदा होता त्यायचा. माह्या पोरीले गरम होते म्हून बंद केला. मशीनी इकून टाकल्या."

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कोणीतरी "वा" म्हणालं. मी हातात खिरीची वाटी घेऊन उभा होतो. खरं काय ते माझ्याशिवाय तिथे एकाच माणसाला माहीत होतं. बायकोने माझ्या हातातून वाटी घेतली, आपल्या भावाच्या हातात दिली आणि त्याला म्हणाली, "चल, दे तिला पहिला घास."