सर्व्हिस होईपर्यंत गप्प बसायचं

वाशिंदच्या आमच्या कारखान्यातून टेनिस बघायला नेमाने जाणारी मी एकटीच. पुण्यातली स्पर्धा जवळ आली की डबा खाताना कोणी ना कोणी विचारतंच, काय न्यायचं, कुठे बसायचं, किती वाजता निघायचं. मला सांगायला आवडतं. सांगायला लागले की थांबत नाही, असं माझ्यामागे बोलतात. बोलोत बापडे.

फायनलच्या मागे लागू नका, हे मी पहिलं सांगते. फायनलला माणसं फोटो काढायला येतात. खेळ बघायचा तर पहिल्या दोन दिवसांत जा, बाजूच्या छोट्या कोर्टांवर. तिथे नाव न ऐकलेली पोरं जिवावर उदार होऊन खेळतात आणि त्यांच्या बुटांची करकर तुम्हाला ऐकू येते. सकाळी सरावाच्या कोर्टाकडे चक्कर मारा. दुपारी पश्चिमेच्या बाजूला बसा, ऊन पाठीमागे जातं. स्टीलचा डबा गेटवर काढून घेतात, तेव्हा भाकरी फडक्यात बांधून न्या. जागेवरून उठायचं ते खेळाडू बाजू बदलतात तेव्हाच. एरवी जिन्याशी अडवतात, मग तुमचं नाक कितीही वर असो.

आणि खेळाडूने सर्व्हिससाठी बॉल हातात घेतला की गप्प. खोकला आला तरी गिळायचा.

एवढं सांगून मी डबा बंद करते. कारण ही शेवटची गोष्ट मी माझ्या बाबांना सांगितली नव्हती.

आमचं घर वैशाखऱ्याला, माळशेजच्या रस्त्यावर. बाबांचं आयुष्य भाताच्या खाचरांत गेलं. त्यांचा पाय मोडला तेव्हा तीन महिने ते खाटेवर होते आणि मी सुट्टीला गेले की आम्ही टीव्हीवर जे दिसेल ते बघायचो. त्यात टेनिस लागलं आणि दोघांनाही त्याचं वेड लागलं. "पंधरा, तीस, मंग चालीस?" बाबा चिडायचे. "पंचेचालीस कुटं गेलं? कोनी खाल्लं?" पुढे पाय बरा झाला, वेड काही बरं झालं नाही. एकदा डोळ्यांनी बघायचंच म्हणाले. मग पहाटेच्या एसटीने आम्ही बापलेक घाट चढलो, आळेफाट्याला गाडी बदलली आणि पुण्याला पोचलो. धुतलेला पायजमा, सदरा, खांद्यावर टॉवेल. स्टेडियम बघून ते म्हणाले, "यवढ्या जागंत किती भात झाला असता गो!"

दुसऱ्या सेटमध्ये त्यांना चहा हवासा झाला. मीच आणला असता, पण त्यांना सगळं आपलं आपण बघायचं होतं. ते चहा आणायला गेले आणि तेवढ्यात आमच्या कारखान्याचे मॅनेजर बायकोला घेऊन माझ्याच रांगेत आले. "अरे, तुम्ही इथे? वा!" म्हणत शेजारी बसले. मी फुलून गेले. खरं सांगायचं तर, अंगावर मूठभर मांस चढलं. मी त्यांना कोणाचा बॅकहँड कसा आहे ते सांगायला लागले, मधूनमधून इंग्रजीत.

आमच्याकडे हाकेला ओ द्यावीच लागते. या बांधावरून त्या टेपाडावर हाक जाते आणि तिकडून ओ येते, मग माणूस कामाला लागतो. ओ आली नाही तर हातातला विळा टाकून शोधायला निघायचं. साप असेल, विहीर असेल, काहीही असेल. ओ न देणं ही आमच्याकडे चेष्टासुद्धा करायची गोष्ट नाही.

समोरच्या पोराने बॉल दोनदा आपटला. सगळं स्टेडियम चिडीचूप झालं. आणि मागून, जिन्याच्या वरच्या टोकावरून, बाबांची हाक आली.

"गो बाऽऽय!"

खाचराच्या पलीकडे पोचेल अशी हाक. पोराचा उडवलेला बॉल तसाच खाली पडला. त्याने वर पाहिलं. अंपायर माइकवरून काहीतरी म्हणाला आणि लोक हसले. मी वळून पाहिलं. बाबा दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन उभे होते, रांगांवरून डोळे फिरवत होते. सगळ्यांच्या डोक्यावर गेटवर फुकट वाटलेल्या सारख्याच टोप्या. त्यांनी आणखी एकदा हाक मारली. आता हसण्याची लाटच आली.

"ओळखीचे आहेत का तुमच्या?" मॅनेजरच्या बायकोने विचारलं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

परत वळून पाहिलं तेव्हा जिन्यावर कोणी नव्हतं. मॅच संपेपर्यंत मी तिथेच बसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या. नंतर ते मला गेटबाहेर एका झाडाखाली बसलेले सापडले. "वाट चुकलो गो," म्हणाले. "मंग परत आत सोडंनात. कोन जिकला?" मी स्कोअर सांगितला. त्यांना मी दिसले नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि मला सुटल्यासारखं झालं. त्याचीच आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. झोपेत गेले, त्यामुळे बोलायचं ते राहूनच गेलं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वैशाखऱ्यात वाढूनही नाही. पण पुढची तीन वर्षं मी पुण्याला गेले आणि दर मॅचला एकदा तरी, बॉल हातात घेतल्यावरच्या त्या शांततेत, मागून हाक आली. डाव्या हाताला, जिन्याच्या वरच्या टोकावरून. मी वळून बघायचे. तिथे गळ्यात ओळखपत्र घातलेली एखादी कॉलेजची मुलगी उभी असायची. मला वाटायचं, बाबा अजून रांगांवरून डोळे फिरवत असतील. ओ आली नाही म्हणजे बाय कुठे पडली, काय झालं, असं त्यांच्या जिवाला लागलं असेल. तरी मी गप्प बसायचे, कारण तिथला नियमच तो.

या वर्षी पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मी वैशाखऱ्याला उतरले. आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मीही एक सूप ओढलं. आणि कधी नव्हे ते तोंडातून निघून गेलं, की त्या दिवशी बाबांना मी दिसले नाही, ते मला किती शोधत राहिले असतील.

आईचे हात थांबले नाहीत. "दिसलीस की त्यांना," ती म्हणाली. "सांगितलंनी मला. दुसरी हाक मारली तवा तू वलून बघत व्हतीस. मंग त्या बाईला मान हलवून नाय म्हनलीस, त्ये पन दिसला. म्हनलं, पोरीच्या सायबाची मानसं असतील, आपन कशाला मदी? दोन्ही चा त्यांनीच पिले, भायेर बसून."

"मला का नाही सांगितलंस?"

"नको म्हनलं व्हतं त्यांनी. तिला वाईट वाटंल म्हनून."

मी शेंगा सोलत राहिले. रडूसुद्धा आलं नाही, त्याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मी पुण्यात होते. पश्चिमेच्या बाजूला, जिन्याजवळची जागा. कोर्टावरच्या पोरीने बॉल हातात घेतला आणि स्टेडियम गप्प झालं. मी मान तिरकी करून बसले. पहिल्या गेमला हाक आली नाही. पहिल्या सेटला नाही, दुसऱ्यालाही नाही. दिवसभरात मी तीन मॅच बघितल्या.

शोधणारा माणूस हाक मारतो. बाबा मला शोधत नव्हतेच.

आता दर सर्व्हिसच्या आधी मी ओ तोंडात धरून बसते. हाक येत नाही.