बाई बोलत असताना

समोरचा बोलता बोलता अडखळला की त्याचं वाक्य पुरं करायची एवढी घाई का होते हो तुम्हाला? अक्कल उतू चाललीय?

आमच्या बाईंच्या वर्गात ही घाई चालत नसे. शिलाई कारखान्याच्या गोदामात, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही कामगार व्याकरण शिकलो. करून, करताना, केलेलं, करायला, ही सगळी धातुसाधितं. "क्रियापदाचीच पोरं," बाई म्हणायच्या, "पण वाक्य पुरं करायचा दम नाही. समारंभात नाचतील, मागून खुर्च्या आवरायला क्रियापदच लागतं!"

नियम एकच. ज्यानं वाक्य सुरू केलं, त्यानंच संपवायचं. आमचा इस्त्रीवाला दादा तोतरा. "मॅनेजरनं मला बोलावून..." इथे गाडी अडायची. कुणी मदतीला तोंड उघडलं की बाईंचा खडू त्याच्या डोक्यावर बसलाच समजा. सगळे गप्प. पंखा घरघरायचा, दादाच्या गळ्याची शीर फुगायची, आणि शेवटी, "...शिवी दिली!" पुढे संपात आमच्या वतीनं बोलायला तोच उभा राहिला.

मग बाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, आणि बोलण्यातली पुरी क्रियापदंही गेली. मागे राहिली ती पोरं. "उठून... चहा पिताना... ठेवलेला..." डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त वेळ द्या. मुलाकडे नेमका तोच नव्हता. वाईट नाही तो, पार थकलेला.

एका दुपारी वृद्धाश्रमाच्या मॅडम आल्या. दिवसभर बाईंना मीच सांभाळायचे, तेव्हा त्यांची नखं कापत होते.

"आजी, याल ना आमच्याकडे?"

"जाऊन... तिकडे राहायला..."

"बघा, तयार आहे ती," मुलगा म्हणाला.

"थांब की रे! त्यांचं बोलून झालंय का?"

"मावशी, तुम्ही संध्याकाळी घरी जाता. नंतर तिला उचलतं कोण?"

मी बाईंकडे वळून बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. डावा हात वर गेला, चिमूट अशी, जणू खडूच धरलाय. पण मॅडम पर्स उचलून निघाल्याही होत्या, मुलगा त्यांना सोडायला बाहेर गेला. दार लागलं, आणि बाई म्हणाल्या, "...नको."

मी धावत जाऊन सांगितलं. "तुम्हीच तिच्या तोंडात घातलं असेल," म्हणाला. त्यानं पुन्हा येऊन विचारलं, तर बाई नुसत्याच रडत राहिल्या. त्याच आठवड्यात त्यांना हलवलं.

आता आश्रमात खिडकीजवळच्या खाटेवर असतात. तिथल्या बायकांना दम घ्यायला फुरसत नाही, बाईंनी "उघडून..." म्हटलं की वारं लागत असेल असं धरून खिडकी लावून मोकळ्या होतात. मला रोज जाणं जमत नाही. तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेलच. त्याच्याजवळ बसाल तेव्हा, पाया पडते, शब्द पुरवू नका. त्याचा वर गेलेला हात खाली येईपर्यंत गप्प बसा.