फळ्यावरची बावीस मिनिटं

घड्याळजी, तोंडावर बोलायचं ते मी वेळेवर बोलले नाही. आता पत्र लिहायला बसले आणि दोन ओळींतच कळलं, की तुम्ही हे वाचणार नाही. तेव्हा तुमची गोष्ट लोकांनाच सांगते.

घड्याळजींचं दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. काचेचं टेबल, डोळ्याला लावायचं भिंग, खणात टिकटिकणारी वीस-पंचवीस घड्याळं. मोबाइल आले तशी दुरुस्तीची घड्याळं आटली आणि फोन वाढले. कर्ज घ्या, विमा घ्या, प्लॉट बघा. आपण असे फोन कापतो. घड्याळजींनी एकही कापला नाही. पलीकडून "दोन मिनिटं बोलू का सर?" आलं की यांचा आवाज एकदम मऊसूत. "बोल की बाळा. चष्मा तेवढा आणतो, थांब हं." मग फोन खणात, खण बंद, हातात स्टॉपवॉच. आत पोरगी "हॅलो, सर, हॅलो" करत राहायची, बाहेर बसलेले तोंडावर रुमाल धरून हसायचे. किती वेळ टिकली ते खडूने फळ्यावर. विक्रम सतरा मिनिटांचा. जन्मभरात घड्याळजींचं कौतुक झालं ते एवढ्याच गोष्टीचं. घड्याळ बिघडलेलं नसतानाही माणसं येऊन बसायची, त्यांत मीही.

आतल्या खोलीत बायको. एक डोळा गेलेला, दुसऱ्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा. दवाखान्याच्या यादीत तिचं नाव होतं. कुणी डोळे दान करून गेलं की फोन येणार, लगेच हो म्हणायचं, नाही तर डोळा पुढच्या नंबराला. यादीत फोन दुकानाचा, कारण घरात एक फोन पुरे, असं घड्याळजींचं म्हणणं.

"अहो, सरसकट सगळ्यांना खणात घालू नका," ती दारातून म्हणायची. "त्यातला एखादा माझा असेल."

"दवाखानेवाले हुकूम सोडतात. दोन मिनिटं बोलू का, अशी लाडीगोडी लावत नाहीत."

शेवटी तिने इतकी भुणभुण लावली, की त्यांनी तिचा यादीतला नंबर कागदावर लिहून माझ्यापुढे टाकला. "बाई, तुम्ही त्या बाजूला जाता. तिथे माझ्याऐवजी तुमचा फोन लिहून या. हिची कटकट तरी मिटेल." मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि खुर्ची पुढे ओढली, कारण तेवढ्यात फोन वाजला होता.

आठवड्याने, भर दुपारी, एक मुलगी बोलली. "दोन मिनिटं बोलू शकते का सर? काकू आहेत ना घरात?"

"आहेत की. बोलावतो, थांब हं."

हल्ली हे लोक घरच्यांचीही विचारपूस करतात. खण बंद. ही मात्र चिवट निघाली. दहा झाली, पंधरा झाली. सतरा ओलांडली तेव्हा शेजारच्या शिंप्याने टाळ्या पिटल्या.

"कोण हो?" आतून बायको.

"विमावाली. तू पड."

बाविसाव्या मिनिटाला फोन कटला. घड्याळजींनी सतरा पुसून बावीस लिहिलं, खाली दुहेरी रेघ ओढली आणि सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी तोच नंबर. दुकानात मी एकटीच होते. माझ्यासाठी म्हणून त्यांनी बारीक आवाजात स्पीकर लावला.

"सर, काकूंना बोलावतो म्हणालात म्हणून मी धरून बसले," मुलगी म्हणाली. "माझ्याकडे अर्धाच तास होता. त्यांच्यासाठी डोळा आला होता. तो पुढच्या बाईंना दिला. आता परत कधी येईल, सांगता येत नाही."

घड्याळजींनी फोन ठेवला. फळ्याकडे पाहिलं, फडकं उचललं.

"दवाखान्याचा होता का हो?" आतून प्रश्न आला.

फडकं हातातच राहिलं. कबूल केलं तर ती आवाज न चढवता मरेपर्यंत ऐकवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि आकडा पुसला, तर संध्याकाळी चार माणसं कारण विचारणार.

"छे. कालचीच विमावाली."

"किती ताटकळली काल?"

"बावीस मिनिटं."

"बिचारी," ती म्हणाली आणि हसली. मनापासून हसली.

घड्याळजींनी फडकं खाली ठेवलं.

तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, घड्याळजी, आणि मी पर्स मांडीवर घट्ट धरली. तुमची चिठ्ठी तिच्यातच होती. दवाखाना माझ्या बसच्या वाटेवरच्या एका थांब्यासमोर आहे. तिथे मी अजून उतरलेली नाही.