मागचं डावं चाक

चौलजवळच्या वळणावरचा तो अपघात, नोकरी संपली तरी माझ्या मनातून गेलेला नाही. भर दुपारी एक गाडी गिरकी घेऊन सुपारीच्या वाडीत घुसली आणि कुंपण बांधत असलेल्या वाडीवाल्याचा पाय मोडला. जखमीला अलिबागला हलवून मी पंचनाम्याला लागलो.

गाडी जुनी, पण एबीएसची. म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ नयेत अशी सोय असलेली. शेजारी साठीचं जोडपं उभं होतं. किहीमला पर्यटकांना खोल्या देणारी साधी माणसं. काळा चष्मा लावलेला नवरा पुढे आला.

"साहेब, गाडी मीच चालवत व्हतो. काय ती शिक्षा मला करा."

बायको काही बोलणार, तोच त्याने तिचा हात दाबला.

ठाण्यात परतलो तर वाडीवाल्याच्या शेजाऱ्याचा फोन. "साहेब, गाडी बाई चालवत होती. मी डोळ्यांनी बघितलंय."

खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःला वाचवतो. हा तर स्वतःला अडकवून घेत होता. जबाब नोंदवण्याआधी दोघांना बसवून चहा मागवला.

"काका, जरा वरचं बटण काढा."

सीटबेल्टचा वळ डाव्या खांद्यावर होता. आपल्याकडे चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो.

"आणि डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं?"

बाईच कडाडल्या, "अहो, पुरे झालं! साहेब, गाडी मी चालवत होते. लायसन हाय माझ्याकडं. यांना दिसंना झालं म्हणून शिकले."

"मीच मागं लागलो व्हतो हिच्या," काका पुटपुटले. "आता या वयात ही कोर्टात उभी ऱ्हानार?"

मी बाईंना विचारलं, नेमकं काय झालं?

"वेग न्हवताच. रस्त्यावर वाळू दिसली म्हणून ब्रेकवर नुसता पाय ठेवला, तर गाडीची मागची बाजूच फिरली. हे म्हणतात, मी घाबरून जोरात दाबला."

काकांनी मान खाली घातली. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मला मात्र पंचनामा आठवला. रस्त्यावर घासलेल्या टायरचा एकच काळा पट्टा होता, मागच्या डाव्या चाकाचा. बाई घाबरल्या असतील तर एकच चाक का घासलं?

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावलं. त्यांनी ते चाक जॅकवर उचलून फिरवलं. मोकळं फिरलं. मग मैदानात गाडी सावकाश चालवून ब्रेक हलकाच लावला. तेच चाक जाम, बाकीची फिरतायत. त्या चाकाचा ब्रेक ड्रम उघडला तर ॲक्सलच्या सीलमधून गळलेलं ऑइल ब्रेकच्या लायनरमध्ये मुरलेलं. त्यामुळे लायनर चिकटून ड्रमला एकदम धरत होता.

"मग एबीएस काय करत होतं?" मी विचारलं.

त्या चाकाचा वेग एबीएसला कळवणाऱ्या सेन्सरची वायर खाऱ्या हवेने गंजून तुटली होती. एबीएस बंदच. निरीक्षकांनी चावी फिरवली. "अशा वेळी डॅशबोर्डवर दिवा लागून राहायला हवा. हा तर लागतच नाही." डॅशबोर्ड उघडला. बल्बची जागा रिकामी होती.

ही जुनी गाडी त्या दोघांना विकणाऱ्या एजंटला बोलावलं.

"बल्ब उडाला असेल, साहेब."

"उडालेला बल्ब जागेवरच राहतो. इथला गेला कुठे?"

त्याने रुमालाने मान पुसली. म्हणाला, "दिवा बघून गिऱ्हाईक नको ते विचारतं, साहेब. काढून टाकला."

त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. बाईंची हयगय नसल्याचा अहवाल आम्ही कोर्टात दिला, तो मान्य झाला. वाडीवाल्याचा पायही जुळला. तो दवाखान्यात असेपर्यंत त्याचा डबा या जोडप्याच्या घरून जात होता.

निरीक्षकांचं म्हणणं मी दोघांना सांगितलं, तेव्हा काका बायकोकडे वळले. "मी उगाच बोललो तुला."

"बोललात खरे. पण माझ्यापायी तुरुंगात जायला निघालात ना," बाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

त्या माणसाने बायकोसाठी गुन्हा अंगावर घ्यायची तयारी केली होती. ती म्हणते ते खरं असेल, एवढं मात्र त्याला सुचलं नव्हतं. माया असली की विश्वासही असतो, असं मी तोवर धरून चाललो होतो. हल्ली घरी आमची सौ. काही सांगायला लागली की मी तिचं बोलणं पुरं होऊ देतो. ती म्हणते, साहेबांना निवृत्तीने सुधारलं. मी हो म्हणतो.