पुन्हा धू

"ही आत्ता आतून आली. आता आम्ही कसं जायचं?"

ती बाई हे मला बोलली नाही. माझ्याकडं बोट करून आमच्या सुपरवायझरला बोलली. स्टेशनसमोरच्या नव्या टॉवरमधली. रोज मी पुसलेल्या फरशीवरून जाते. मी बायकांच्या टॉयलेटच्या दारात उभी. हात ओले. पाळीचा दुसरा दिवस.

सुपरवायझर माझ्याच वयाचा. म्हणाला, "टॉयलेट पॅसेंजरसाठी आहे. तुमच्यासाठी नाही. किती वेळा सांगायचं? पुन्हा धू. मॅडमसमोर."

मी धुतलं. बादली भरली, फिनाईल ओतलं, मघाशीच घासलेलं भांडं परत घासलं. बाई नाकाला रुमाल लावून बघत होती. मागं कॉलेजच्या दोन मुली. एकीनं मान खाली घातली, दुसरी मोबाईलमध्ये. झाल्यावर बाई म्हणाली, "थँक यू." सुपरवायझरला.

उरणच्या लाईनवरचं हे छोटं स्टेशन. सफाईला आम्ही दोघी, ठेकेदाराच्या. मी आणि पारूकाकी. दोघी जासईकडच्या. स्टेशन उभं आहे तिथं माझ्या सासऱ्यांची भातशेती होती. म्हणजे मी कुठं बसायचं हे ठरवणारा माणूस आमच्याच शेतात उभा होता. तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा नुसते कान तापले होते.

आम्हाला जायचं तर रुळांपलीकडं, कंटेनर यार्डच्या भिंतीआड. तिथं ट्रकवाले. एकीनं बसायचं, दुसरीनं ओढणी धरून राखण करायची. काकीनं त्यावर तोड काढली होती. कामावर पाणीच प्यायची नाही.

"नाय पिला तं जावाच लागत नाय," म्हणायची. "तू पन सवय कर."

मी केली. सवय होते. होते, हेच वाईट.

एका दुपारी काकी जिन्याजवळ बसली ती उठेना. पोट धरलेलं, अंग भाजत होतं. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लघवी किती वेळ धरून ठेवता?" काकी लाजली. त्या तापातही लाजली. माझा हात दाबून म्हणाली, "सांगू नको गो. नोकरी जायेल."

मी सांगितलं. सगळं. बाहेरच्या बाकड्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. किडनीला सूज आली होती काकीच्या. कशापायी? तर आमच्या अंगाचा कुणाला विटाळ होतो. तो शब्द आता कुणी काढत नाही. हायजीन म्हणतात.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. प्लॅटफॉर्मच्या नळावर सगळ्यांसमोर पोटभर पाणी प्यायले. मग टॉयलेटचं कुलूप काढलं आणि आत गेले. बाहेर आले तर बायकांची रांग, आणि पुढं सुपरवायझर.

"पुन्हा धू."

"नाय धुनार. मी मुतून आलेय. या बायका पन त्यालाच आल्यात."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"उद्यापासून येऊ नकोस."

"का नको, ते लिहून दे."

त्यानं लिहून दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गेटवरसुद्धा उभं राहू दिलं नाही. माझ्या जागी दुसरी आणली. काकी अजून अंथरुणावर.

घरी नवरा म्हणतो, "माफी माग. घेतील परत. कशाला टेन्शन?" मी त्याच्याशी भांडत नाही. सकाळी भाकऱ्या थापते आणि निघते. या लाईनवरच्या एकेका स्टेशनवर उतरते, तिथल्या सफाईवालीला गाठते आणि विचारते, "पानी पितेस का?" पहिल्यांदा खाली बघतात. मी शेजारी बसून राहते. मग बोलतात. माझ्या जागी आणलेली पोरगीसुद्धा बोलली.

रात्री झोप लागत नाही. लागू नये.

आम्ही सगळ्या मिळून ठेकेदाराच्या ऑफिसात जाणार आहोत. हात जोडायला नाही. मला कामावर परत घ्यायचं, काकीच्या दवाखान्याचा खर्च भरायचा, आणि आम्ही घासतो त्या प्रत्येक टॉयलेटमध्ये आम्ही जाणार. नाही म्हणाले, तर त्या दिवसापासून या लाईनवर एकही झाडू हलणार नाही.