कुलेब्रावरची तूर

२००६च्या जानेवारीत मी बाबांना घेऊन कुलेब्राला गेले. पोर्तो रिकोच्या शेजारचं एवढंसं बेट. माझ्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती, देशाबाहेर गेले असते तर परत यायची पंचाईत झाली असती. पण हे बेट अमेरिकेतच मोडतं.

आईला जाऊन सहा महिने झाले होते, म्हणून बाबा नागपूरहून अमेरिकेत एडिसनला माझ्याकडे आले होते. नोकरीची सगळी वर्षं भूमापन खात्यात शेतं तुडवलेला माणूस माझ्या अपार्टमेंटच्या खिडकीशी बसून पार्किंगमधल्या गाड्या बघत राहायचा. आमच्या रस्त्याला फुटपाथ नव्हता, त्यात बर्फ. दिवसभरात चार वाक्यं बोलले तरी मला बरं वाटायचं.

बोटीतून उतरून मी भाड्याची गाडी घ्यायला गेले, तर लायसन्स नाही. विमानासाठी पासपोर्ट आणला होता, लायसन्स मात्र घरी थंडीच्या कोटाच्या खिशात राहिलं होतं. मी कपाळाला हात लावला.

“पाय आहेत ना,” बाबा म्हणाले आणि बॅग उचलून चालायलाही लागले.

रस्ता चढाचा होता. दोन्ही बाजूंना बुटकी घरं, एक डाळिंबी, पुढचं पिवळंधम्मक, त्यापुढचं निळं, दारं आणखी वेगळ्या रंगांची. कोंबडे रस्त्याच्या मधोमध फिरत होते. मला धाप लागत होती. बाबा मात्र पुढे जाऊन वळणावर थांबायचे आणि मी पोचले की पुन्हा निघायचे. एका हिरव्या घराच्या कुंपणापाशी ते थबकले. आतल्या झुडपाची फांदी बाहेर आली होती. त्यांनी एक शेंग बोटांनी दाबून पाहिली.

“तूर आहे ही,” ते म्हणाले.

“इथे कुठली तूर, बाबा?”

“तूर मला नको शिकवू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर बाबा खोलीत नव्हते. त्यांच्याकडे फोन नव्हता, इंग्रजी जेमतेम, आणि इथे तर सगळे स्पॅनिश बोलणारे. मी केस न विंचरताच धावत सुटले. धक्क्यावर पाहिलं, पावाच्या दुकानात पाहिलं. मग ते हिरवं घर आठवलं.

बाबा तिथल्या व्हरांड्यात बसले होते. समोर त्यांच्याच वयाची एक बाई होती, दोघांच्या मध्ये शेंगांनी भरलेलं घमेलं, आणि दोघं शेंगा सोलून तुरीचे हिरवे दाणे, सोले, काढत होते. मी हाक मारणार होते, पण बाबांचा आवाज ऐकून कुंपणाशीच थांबले.

“ती सोल्यांची आमटी करायची,” ते चक्क मराठीत सांगत होते. “दवाखान्यात शेवटच्या दिवशी म्हणाली, घरी चला. मी म्हटलं, उद्या जाऊ. न्यायला पाहिजे होतं.”

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. बाईनं मान हलवली आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी लांबलचक सांगितलं. सांगताना तिनं दोनदा समुद्राकडे हात केला. बाबा शेंग हातात तशीच धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मी हळूच मागे फिरले आणि कोपऱ्यावरच्या दगडावर बसून थोडं रडले.

तासाभराने ते आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात सोले.

“काय बोलत होतात एवढं?” मी विचारलं.

“काही नाही. तिला कुठं काय कळत होतं.”

त्यानंतरचे तीन दिवस आम्ही बेटभर चाललो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाबा समुद्रात उभे राहिले, शाळेच्या भिंतीवरचे रंगवलेले मासे मोजत बसले, आणि चालता चालता आईबद्दल बोलत राहिले. लग्नानंतर ते दोघं पहिल्यांदा भांडले ते कशावरून, हेही मला तिथेच कळलं.

गेस्टहाउसच्या स्वयंपाकघरात मी त्या सोल्यांची आमटी केली. मोहरी नव्हती, हळद नव्हती, फक्त कांदा, लसूण आणि मीठ.

“तिच्यासारखी नाही झाली,” बाबा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली.